प्याल्याच्या राणीचा निळा

१२ जानेवारी

वहिनीने पुन्हा माझ्या राणीला हात लावला.

काल दिवे लावायच्या आधी प्याल्याची राणी पुरी करून टेबलावर वाळत ठेवली होती. निळी. पायाशी समुद्र, अंगावर समुद्र, हातातल्या प्याल्यातही समुद्रच. आज सकाळी बघते तर सगळं मळलेलं. कपडे धुतलेल्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखं. तोच पत्ता, त्याच रेघा — आणि निळा गायब.

विचारलं तर म्हणाली, "मी कशाला हात लावू, वन्सं? वाळल्यावर रंग बसतो थोडा."

मला सांगते! रंग वाळल्यावर काय होतं ते हिने मला सांगायचं. हिचं काम रेघेचं. दादाने पेन्सिलीने काढून ठेवलेल्या चित्रावर शाईची रेघ ओढायची, चेहरे नीट करायचे आणि पत्ता माझ्याकडे सरकवायचा. रंग माझा. दादा होता तेव्हाही माझाच होता.

तो जाऊन वर्ष होईल आता. टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचा, अख्खा कॅट स्वतः काढायचा हे त्याचं आयुष्यभराचं वेड. मोठे पत्ते झाले, आकड्यांचे झाले, आणि दरबारात येऊन गाडी थांबली. सोळा दरबारी पत्ते नुसत्या पेन्सिलीत ठेवून गेला. चार कुळं — छडी म्हणजे आग, प्याला म्हणजे पाणी, तलवार म्हणजे वारा, नाणं म्हणजे माती. प्रत्येक कुळात राजा, राणी, स्वार आणि हुजऱ्या. प्रकाशक त्याचा जुना मित्र, म्हणून थांबलाय. आम्ही दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून त्याचा दरबार पुरा करतोय. एकमेकींकडे न बघता.

१३ जानेवारी

बोलले नाही दिवसभर. भाजीत मीठ जरा सढळ हाताने टाकलं. तिने मुकाट्याने खाल्ली.

१६ जानेवारी

छडीचा राजा झाला. मनासारखा झाला.

दादाची पद्धत अशी की कुळाला एक तत्त्व, तसं पदालाही एक. राजा आग, राणी पाणी, स्वार वारा, हुजऱ्या माती. आधी पदाच्या रंगाचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की वर कुळाचा. छडीची राणी घ्यायची तर खाली निळा, वर तांबडा — आगीच्या पोटात पाणी. बघणाऱ्याला खालचा हात दिसत नाही, पण तो नसेल तर पत्ता मेल्यासारखा वाटतो. आणि छडीचा राजा म्हणजे आगीतली आग, तांबड्यावर तांबडा. त्याला दादाने आमच्या बाबांचा चेहरा दिलाय. बाबा जेवायला बसले की भांडीसुद्धा आवाज करायची नाहीत. रंगवताना अजून हात आखडतो.

गंमत म्हणजे वहिनीने ह्याला बोट लावलं नाही. सकाळी उठून आधी तेच पाहिलं. जसा ठेवला होता तसा. लालाशी बाईसाहेबांचं भांडण नाही, निळ्याशीच वैर. प्याल्याची राणी तिच्या चेहऱ्याची आहे ना! तिला कुठला निळा शोभतो ते तीच ठरवणार.

संध्याकाळी भाची आली होती. खोकी आणि वेष्टनं डिझाइन करते, सगळं कॉम्प्युटरवर, बोटाला रंग लागत नाही कधी. दारातच म्हणाली, "आत्या, एक मोजा निळा आणि एक काळा? नवी फॅशन का?" म्हटलं, कपाटाशी अंधार, त्यात तुझ्या आईने आणलेला तो मरतुकडा पिवळा बल्ब, मोजे काय दिसणार. माय-लेकींनी एकमेकींकडे पाहिलं. पाहू देत.

२० जानेवारी

आज कहर झाला. रंगाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या! वहिनीच्या अक्षरात, बारीक — 'गडद निळा', 'लिंबू पिवळा', 'पांढरा'. बालवाडीत कपाटांना लावतात तशा.

ह्या घरात बाटलीवर नाव नसतं. दादाचा नियम. पाच-सहा वर्षं झाली, एका रविवारी त्याने सगळ्या बाटल्या बादलीत बुडवल्या आणि बसून नखाने लेबलं सोलून काढली. मी विचारलं, हे काय नवीन खूळ? म्हणाला, "रंगाला नाव नसतं ग. ज्याला डोळा आहे त्याला लेबल कशाला?" मग फळीवर ओळीने मांडल्या. डावीकडून पाणी, मग वारा, मग आग, मग माती, पांढरा अगदी टोकाला. जागा हलवायची नाही, एवढंच बजावलं. वहिनी तेव्हाही चाचपडायची. मला कधी अडलं नाही, हात आपोआप जायचा. त्या परीक्षेत ह्या घरात मी एकटी पास झाले होते, आणि दादाला ते माहीत होतं.

तो गेल्यावर फळी मीच आवरली. बसल्या जागी हात पोचेल अशी खाली घेतली, बाटल्या धुऊनपुसून माझ्या सोयीने लावल्या. कोणीतरी आवरायलाच हवं होतं. वहिनीला त्याच्या वस्तूंना हात लावायचा धीर नव्हता. आता बराच आलाय धीर.

सगळ्या चिठ्ठ्या ओढून काढल्या. तिच्यासमोर. तर म्हणते, "माझ्यासाठीच लावल्या हो. मलाच ओळखू येत नाहीत हल्ली. चष्मा वाढलाय माझा."

चष्मा वाढलाय आणि केसाएवढी रेघ ओढते! खोटं बोलायचं तर निदान मेहनत घ्यावी माणसाने.

२४ जानेवारी

तलवारीचा स्वार. वाऱ्यातला वारा. दादाने लेकीलाच घोड्यावर बसवलंय, तलवार उपसलेली, केस मागे उडतायत. खालून दुकानातल्या पंपाचा फुस्स-फुस्स आवाज येत होता, सायकलवाल्याला आज गिऱ्हाईक बरं होतं. वारा रंगवायला तेवढीच साथ.

वाऱ्याचा रंग पिवळा. पण पडद्यामागून सकाळ येते तेवढाच. दादा म्हणायचा, वारा दिसता कामा नये, आहे एवढंच कळलं पाहिजे. मी पहिला हात दिला. काही नाही. दुसरा दिला. तरी नाही. हल्ली कागदच पिवळट येतो, त्यावर पिवळा उठत नाही. दुकानदाराला सांगितलं तर म्हणे, "तोच कागद आहे, ताई, वर्षानुवर्षं तुम्ही नेता तोच." सगळे चोर. हातावर हात देत गेले तेव्हा कुठे आकाश हललं. मग मात्र सुंदर आलं. बराच वेळ बघत बसले. एकटीनेच.

२५ जानेवारी

वारा गेला. पत्ता कोरा. घोडा, पोरगी, तलवार आणि मागे रिकामा कागद.

ह्या वेळी पुरावा मिळाला. मोरीतल्या कचऱ्याच्या डब्यात कापसाचे बोळे, ओले, पिवळेजर्द. माझा वारा तिने कापसाने पुसून डब्यात टाकला.

बोळे उचलून चहाच्या टेबलावर तिच्या कपाशेजारी ठेवले. तिने पाहिले. कप जरा बाजूला सरकवला. म्हणाली, "वारा दिसता कामा नये, हे त्यांचंच वाक्य आहे ना, वन्सं?"

"त्याची वाक्यं मला नको ऐकवूस. आधी तो माझा भाऊ होता. तुझा नवरा नंतर झाला."

ती उठली. कप विसळले, माझाही. निदान भांडावं. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतं, ही भिंतीसारखी.

दादा होता तेव्हा सकाळी मी रंगवलेला पत्ता घेऊन खिडकीशी बसायचा. चहा गार व्हायचा. मी म्हणायची, काही चुकलंय का? "नाही ग. नुसतं बघतोय." तासन् तास बघायचा. माझ्या रंगाकडे इतका वेळ आयुष्यात दुसऱ्या कोणी पाहिलं नाही. आणि आता ही, कापूस घेऊन.

२९ जानेवारी

प्रकाशक आला होता. झालेले पत्ते टेबलावर मांडले. छडीचं कुळ बघून मान डोलावली. प्याल्याची राणी उचलली आणि चष्मा कपाळावर ढकलून नाकाजवळ नेली.

"काय निळा उतरलाय हा! रंग कोणाचा?"

"वन्संचाच," वहिनी म्हणाली. लगेच. पापणी लवली नाही तिची.

मेल्याला दिसत काय होतं? ज्या पत्त्यावर चहा सांडल्यासारखा वाटतो त्याला हा निळा म्हणतो. ह्याच्या हातात दादाचं काम! आणि ते कौतुक माझ्या पदरात टाकलं तिने, माझं नसलेलं. आंधळ्याचं कौतुक काय आणि भीक काय. तोंडावर हसू ठेवून बसले, गाल दुखले.

जाताना म्हणाला, डब्यावर रेखाटन म्हणून दादाचं नाव जाणार, खाली रंग कोणाचा ते जाईल. तेवढं नक्की करून कळवा, फेब्रुवारी संपायच्या आत.

म्हणजे हे आहे तर. आता कळलं कापूस कशासाठी चाललाय. पत्ता पत्ता करून माझा रंग पुसायचा, आपला चढवायचा, आणि शेवटी निरागस तोंड करून म्हणायचं की बघा, रंग तर मीच केलाय. किंवा लेकीला पुढे करायचं. जन्मभर ह्या घरात रंग कालवला मी. माझं नाव कुठेही नाही. दारावर नाही, विजेच्या बिलावर नाही. कधी लागलंही नाही मला. पण हे लागतं. ह्या डब्यावर मला माझं नाव हवंय. लिहिताना लाज वाटते, पण हवंय.

१ फेब्रुवारी

वहिनी भाचीशी फोनवर बोलत होती. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. मी पाणी प्यायला उठले होते.

"आत्ता नाही सांगायचं. पत्ते होऊ देत आधी. मग बघू... नाही, रंगाचं मी बघते. तू काही बोलू नकोस आत्याला."

पाणी न पिताच परत आले.

४ फेब्रुवारी

आज तलवारीची राणी समोर आली. माझी पाळी.

हो, ही मी. वहिनीला प्याला आणि मला तलवार. प्याल्याची राणी म्हणजे पाण्यातलं पाणी, मऊ, ओली, सगळ्यांचं ऐकून घेणारी. तलवारीची राणी एकटी बसते. टॅरोच्या पुस्तकात तिला विधवा म्हणतात, घटस्फोटित म्हणतात, काही ठिकाणी नुसतंच कडवट बाई. मी तिन्हीतली पहिली दोन कधी झाले नाही, तिसरी तेवढी राहिली होती. दादाने पेन्सिलीत माझं नाक काढलंय, माझी हनुवटी काढलीय, एक हात पुढे — ये, बोल, पण जपून. किती वर्षं निरखलं असेल मला त्याने एवढी हनुवटी काढायला.

तेव्हा भांडले होते त्याच्याशी. म्हटलं, मला काय समजतोस तू? म्हणाला, "तू बोलतेस ते लागतं. पण खोटं कधी नसतं. असा माणूस दरबारात एक तरी लागतो." मग म्हणाला, "आणि खाली पाणी आहे की. वाऱ्याखाली पाणी. ते विसरू नकोस रंगवताना."

पाणी कसलं डोंबलाचं. निळा दिला खाली. वाळल्यावर करडा दिसला. त्यावर वाऱ्याचा पिवळा. चेहरा पांढऱ्याने उजळला. काही केल्या उजळेना, आणखी दिला.

वहिनीने पलीकडून पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "वन्सं, चेहरा उद्या करू या का? उन्हात?" म्हटलं, माझा चेहरा आहे, मला माहितेय तो कसा आहे.

पत्ता माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली उशीखाली.

८ फेब्रुवारी

केलं एकदाचं.

दादाच्या ट्रेसिंगवरून प्याल्याची राणी पुन्हा उतरवली. रेघही माझी, रंगही माझा, दार लावून. दोन दुपारी गेल्या. ह्या वेळी कोणाचा कापूस नाही. जो निळा मला हवा होता तो आला शेवटी, खोल, थंड, विहिरीतल्यासारखा. पत्ता मोठ्या पाकिटात घातला आणि सरळ प्रकाशकाच्या ऑफिसात गेले. वहिनीला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जातेय.

त्याने पत्ता बाहेर काढला. बघितला. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा पत्त्याकडे.

"हे... वेगळं आहे, ताई. वहिनींनी पाहिलंय?"

"त्यांना कशाला दाखवायचं? रंग माझा आहे. आधीचा तिने बिघडवलेला होता. हा खरा."

"अच्छा," म्हणाला. फार हळू आवाजात. चहा मागवू का विचारलं. माणसं वाईट बातमी द्यायची असली की चहा मागवतात. मी थांबले नाही. "ठेवून जा, बघतो," म्हणाला.

उतरताना शेवटची पायरी चुकली. कठड्याला धरलं म्हणून वाचले. जिनाच मेला तसला, पायरी आणि फरशी एका रंगाची.

११ फेब्रुवारी

प्रकाशकाने वहिनीला फोन केला. अर्थातच केला.

ती दुपारी माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली. एरवी उंबऱ्यातूनच बोलते. मला वाटलं आता भांडण. मीही पदर खोचला मनातल्या मनात. तर म्हणाली, "वन्सं, डोळे दाखवून येऊ या का?"

"कोणाचे?"

"दोघींचे. माझाही नंबर वाढलाय."

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. दादाचं टेबल बळकावलंस म्हणाले. रंगातलं ओ की ठो कळत नाही म्हणाले. हेही म्हणाले की तो गेला त्या दिवशी तुझ्या डोळ्याला टिपूस नव्हता, आणि आता माझे डोळे तपासायला निघालीस. तलवारीची राणी ना मी. बोललं की लागतं.

ती उठली, चादरीची सुरकुती सारखी केली आणि गेली. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी भाचीचा फोन — "आत्या, माझ्यासाठी चल. एकदाच." म्हटलं, येते. येते आणि डॉक्टरचा कागद आणून तुम्हा माय-लेकींच्या नाकासमोर धरते.

१३ फेब्रुवारी

डोळ्यांचा डॉक्टर भाचीपेक्षा लहान असेल. काकू म्हणाला. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, खालच्या दोन ओळी सोडून घडाघड वाचली. भाचीकडे बघितलं, ऐकलंस ना? मग थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसवलं, डोळ्यात दिवा घातला. उजवा, डावा, पुन्हा उजवा.

"काकू, तुम्ही काम काय करता?"

"रंगाचं."

दिवा बंद केला त्याने. म्हणाला, "माझा कोट कुठल्या रंगाचा दिसतो?"

"मळका पिवळा. धुवायला द्या."

भाचीने तोंडावर हात ठेवला. तो हसला नाही, हे मात्र त्याचं चांगलं. म्हणाला, कोट पांढरा आहे, परवाच घेतलाय. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि तो पिवळा पडत गेलाय. "पिवळी काच घालून फिरताय असं समजा. अक्षरं वाचता येतात, म्हणून शंका येत नाही. निळा त्यातून करडा होतो, फिका पिवळा दिसतच नाही. हळूहळू होतं ना, स्वतःला कळत नाही. घरच्यांना आधी कळतं."

लाल? विचारलं मी. लाल ठीक दिसेल, म्हणाला.

"किती दिवस झाले ह्याला?"

"दिवस कसले, वर्षं झाली असतील सुरू होऊन. पाच-सहा तरी."

रिक्षात भाची हात धरून बसली होती. सोडवून घेतला.

घरच्यांना आधी कळतं. म्हणजे हिला ठाऊक होतं. चिठ्ठ्या, कापूस, "उन्हात करू या का" — सगळं ठाऊक होतं. आणि मला वेड्यात काढत बसली! समोर बसून, मुकाट्याने, माझ्या पाठीमागे माझं काम दुरुस्त करत. एखाद्या पोराची वही आईने लिहून द्यावी तशी. तोंडावर सांगायचं होतं. इतकी वर्षं मी तिला तोंडावरच सांगत आले. मला एवढं तरी देणं होतं तिचं. शत्रू समजले होते ते बरं होतं, त्यात निदान बरोबरी होती. कीव कशी सोसायची ते मला कोणी शिकवलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या. वहिनी बॅग भरतेय. माझी. विचारलं नाही, थांबवलंही नाही.

२० फेब्रुवारी

पट्टी काढली. डॉक्टर लिहू नका म्हणालाय. दोनच ओळी.

पांढरं काय असतं! नर्सची टोपी, चादर, छतावरचा चुना. डावा डोळा मिटला की पांढरं. उजवा मिटला की चहा. दिवसभर एक मिटते, एक उघडते.

२४ फेब्रुवारी

आज कुलूप काढलं. तलवारीची राणी बाहेर काढली, खिडकीशी नेली, डावा डोळा हाताने झाकला.

काय लिहू? पिवळी धमक बाई. आकाश हळदीच्या पिशवीत बुडवलेलं. ज्याला पांढरा समजून मी चेहऱ्यावर थापत होते तो लिंबू पिवळा निघाला. काविळीने बेजार झालेली, हनुवटी वर करून बसलीय, हात पुढे — या, बघा मला. खालचं पाणी तर कुठल्या कुठे. हीच मी कुलपात जपून ठेवली होती!

मग टेबलावरून प्याल्याची राणी उचलली. वहिनीने हात फिरवलेली, जिला मी चहा सांडलेली म्हणत होते ती. पाणी. खरंच पाणी. खालचा निळा वरच्या निळ्यातून वर येतोय, काठाशी फिकट, पोटात गडद. मेला प्रकाशक बरोबर होता. मी नेऊन दिलेली त्याने परत पाठवलीय, पाकिटातून काढायचं धाडस झालं नाही. मग झालं. शाईच्या दौतीत पडून बुडाल्यासारखी आहे ती, डोळ्यांसकट.

स्वाराचा वाराही पाहिला. आहे. दिसत नाही, पण आहे. पडद्यामागच्या सकाळीएवढा.

वहिनी दारात उभी होती. कधी आली कळलं नाही. मी म्हटलं, कापूस आण. आणला, वाटीत पाणीही आणलं. माझ्या चेहऱ्यावरचा पिवळा मीच पुसायला घेतला. तिने पत्ता दोन्ही हातांनी धरून ठेवला, हलू नये म्हणून.

दुपारी प्रकाशकाला फोन केला. म्हटलं, डब्यावर माझं नाव घालायचं नाही, रंग माझा नाही. तर तो म्हणाला, "वहिनींनी गेल्या महिन्यातच तुमचं नाव कळवलंय, ताई. आणि बजावलंय की त्या स्वतः काढायला सांगतील, तेव्हा ऐकू नका." आता माझं नाव जाणार, दुसऱ्याच्या हातावर. हवं होतं ना? घे.

अजून राग गेला नाही. जाईल असं वाटत नाही. पण आता नक्की कोणावर आहे ते सांगता येत नाही.

२५ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना शेवटी विचारलं. "तुला कधी कळलं ग? माझ्या डोळ्यांचं?"

म्हणाली, "मला कुठे कळलं, वन्सं. ह्यांनीच सांगितलं होतं. लेबलं काढली त्या रविवारी."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, आणि सकाळी खिडकीशी बसायचा तो?

"कापूस तेव्हाही मीच आणून द्यायचे. डॉक्टरकडे न्यायला हवं, किती वेळा म्हटलं. ऐकलंच नाही. शेवटपर्यंत एकच — तिला कळू देऊ नकोस. तिच्याजवळ तेवढंच आहे."

आज भाजी वहिनीने केली. मीठ बरोबर होतं.